चौथा प्रश्न

साहेब, महालक्ष्म्या दोन असतात म्हणून दोन भावांत एकेक वाटून टाकावी, हे तुम्हाला कोणत्या कायद्यानं शिकवलं? तुमच्या सहीचा वाटणीचा कागद माझ्याकडे अजून आहे. 'पितळी मुखवटे नग दोन, प्रत्येकी नग एक.' वरच्या ओळीत घमेली, खालच्या ओळीत पाटा-वरवंटा, मधे देवी. ज्या लोखंडी कोठ्यांवर मुखवटे बसवतात त्या दोन्ही तुम्ही काकांकडे लावल्या. साड्या-दागिने आमच्याकडे. म्हणजे एका भावाकडे अंग, दुसऱ्याकडे लुगडी, आणि डोकं निम्मं-निम्मं. शेवटच्या पानावर आत्याची सही आहे. 'मी माझा हक्क राजीखुशीने सोडत आहे.' ती राजी होती की खुशी होती, एवढं तरी विचारलंत? मान वर करून तिच्याकडे बघितलंत? तुमच्या जेवायची वेळ झाली होती. मी तिथंच, तुमच्या कचेरीत, बाकावर बसले होते, दहा वर्षांची. मला सगळं दिसत होतं.

पण तुमच्या कागदानं एक केलं. ज्या दोन घरांनी एकमेकांचं तोंडही पाहिलं नसतं, त्यांना दर भादव्यात तीन दिवस एका छपराखाली यावं लागलं. देवी निम्मी मांडता येत नाही ना! एक वर्ष काकांकडे, एक वर्ष आमच्याकडे.

मी अकरावीत होते त्या वर्षी पाळी आमची होती. बाबा पाटबंधाऱ्यात. धरणात पाणी किती चढलं ते रोज वहीत लिहायचं, ही त्यांची नोकरी. वसाहतीत दोन खोल्यांचं क्वार्टर, पुढं ओटा. समोर समुद्रासारखं धरण आणि नळाला दिवसाआड पाणी.

काका-काकू सकाळच्या एसटीनं आले. टपावरून कोठ्या उतरवल्या. आई ओट्यावर उभी, काकू पायरीवर. दोघींत दोन हात अंतर.

"निमे," आई मला म्हणाली, "तुह्या काकूले विचार, कोठ्या धुऊन आनल्या का तशाच?"

"निमे," काकू मला म्हणाली, "तुह्या आईले सांग, धुऊन आनल्या. आमच्याकडे पानी रोज येते."

मी दोघींच्या मधे उभी. मी काही सांगत नसे, विचारतही नसे. दोघींना ऐकू येतच होतं. माझं काम फक्त मधे उभं राहायचं. सहा वर्षं मी ते केलं.

कारण सांगितलं तर तुम्ही हसाल. वाटणीनंतरच्या पहिल्याच वर्षी आईनं नैवेद्याला सोळा भाज्या केल्या. काकूनं पंगतीत, पाहुण्यांसमोर, बोटानं मोजल्या आणि म्हणाली, "पंधराच हायेत." आई म्हणाली, "कोथिंबीर धरून सोळा." काकू म्हणाली, "कोथिंबीर काय भाजी असते? ते तं वरून टाकाची गोष्ट." झालं. तेव्हापासून अबोला. शेतावरून भांडले असते तर मिटलं असतं एखादेवेळी. कोथिंबिरीवरून भांडलेलं मिटत नाही.

बाबा आणि काका बोलायचे, पण फक्त हवामानावर.

दुपारच्या गाडीनं आत्या आली. द्वारकाआत्या, दोघा भावांत मधली. दरवर्षी ती कापडी पिशवी घेऊन यायची, तीन दिवस राहायची, चौथ्या दिवशी पिशवीत पुरणपोळ्या घेऊन जायची. देवीही माहेरी येते आणि तीही. त्या दिवशी कंडक्टरनं तिच्यामागून एक ट्रंक उतरवली. हिरवी, पत्र्याची, गुलाब काढलेली. लग्नातली.

बाबांनी ट्रंकेकडे पाहिलं. मग आभाळाकडे. "पानी येते वाटते."

"हवेत आर्द्रता आहे खरी," काका म्हणाले. काका मराठीचे मास्तर. ते गायीलाही शुद्ध बोलायचे.

ट्रंकेबद्दल कोणी बोललं नाही. भाज्या निवडताना आत्याच बोलली, आंबाडीचे देठ मोडत, जसं काही दुसऱ्या कोणाचं सांगते आहे.

"त्यायनं दुसरी आनली, वहिनी. महिना झाला. लेकरू पाह्यजे म्हनते. मी म्हनलं, राहू दे तिले, मी बी राह्यतो एका कोपऱ्यात. तं काल म्हने, सणाले जाय. ट्रंक घेऊनच जाय."

आईचे हात थांबले. काकूचेही. मग दोघी एकदमच पुन्हा निवडायला लागल्या.

ओट्यावर बाबा आणि काका होते. आमच्या क्वार्टरच्या भिंतीतून शिंक ऐकू यायची, हे तर सगळं ऐकू गेलंच असणार. ओट्यावरून आवाज आला, "ढग दाटले बरे का, दादा."

मग ट्रंक घरभर फिरली. दोन खोल्यांत तिला जागाच नव्हती. आत्यानं ती पहिल्यांदा खाटेखाली सरकवली. तिथं फराळाचे डबे. मग दाराआड, दार उघडेना. मग मोरीजवळ; बाबांचा अंगठा ठेचला. "काई नाई, काई नाई," म्हणत बाबा एका पायावर उड्या मारत होते आणि आत्या, "माह्यंच चुकलं, दादा," म्हणत ट्रंक पुन्हा उचलत होती. तासाभरानं ती ओट्यावर, चपलांशेजारी होती. मी ती आत आणायला गेले तर आत्या म्हणाली, "राहू दे वं. तिथं कोनाले लागत नाई."

संध्याकाळी महालक्ष्म्या आणायचा मुहूर्त. अंगणातल्या तुळशीपासून ओट्यापर्यंत, ओट्यापासून आतपर्यंत मी रांगोळीची पावलं काढली. आजीच्या वेळेपासूनची रीत अशी: मोठी सून सुपात मुखवटे घेऊन येते, धाकटी सून उंबऱ्याच्या आतून विचारते, मोठी उत्तर देते. घरची लेक मागून तांब्या घेऊन चालते. पुरुष थाळी बडवतात. सहा वर्षांत आई आणि काकू एकमेकींशी थेट बोलायच्या ते एवढंच. ते बोलणं त्यांचं नव्हतंच म्हणा, देवीचं होतं.

बाबांच्या हातात पितळी थाळी आणि लाटणं, काकांकडे घंटा. आई सूप घेऊन ओट्यावर आली. मागं आत्या. आत्याच्या पायाशी, चपलांशेजारी, ट्रंक.

"कोन आली?" काकूनं विचारलं.

"महालक्ष्मी आली."

ठण्ण ठण्ण ठण्ण.

"कशाच्या पावलानं आली?"

"सोन्याच्या पावलानं आली."

ठण्ण ठण्ण ठण्ण.

"काय घेऊन आली?"

"अन्नधान्य घेऊन आली, सुखशांती घेऊन आली."

ठण्ण ठण्ण, आणि तेवढ्यात बाबांच्या हातातलं लाटणं निसटलं. दुपारी ठेचलेल्या त्याच अंगठ्यावर पडलं. बाबा थाळी छातीशी धरून खाली बसले. काकांनी दचकून घंटा थांबवली. सगळं एकदम गप्प झालं. त्या शांततेत काकूचा आवाज आला. ती आईकडे बघत नव्हती. आईच्या खांद्यावरून ओट्याकडे बघत होती.

"किती दिसांसाठी आली?"

आईनं सूप जरा वर घेतलं. मागं वळून बघितलं नाही.

"कायमची आली."

काकू उंबऱ्यात उभीच. तिच्या मुठीत तांदूळ होते. मला वाटलं ही आता टाकतच नाही. मग तिनं हात वर केला आणि तांदूळ टाकले. सुपावर, आईच्या डोक्यावर, आणि जरा जोरात, मागं आत्यावर.

"या," काकू म्हणाली. "आत या."

आई आत आली.

मुखवटे कोठ्यांवर बसले, साड्या नेसवल्या, आरती झाली, आणि आरतीचा कापूर विझायच्या आत काका म्हणाले, "वहिनी, आपल्या उत्तरात दोष राहिला."

"कोनता?"

"आपण म्हणालात, कायमची. महालक्ष्मी तीन दिवसांची असते. अनुराधेला येते, ज्येष्ठेला जेवते, मूळावर जाते. आपण तिला कायमचं निमंत्रण दिलंत. आता परवा विसर्जन करायचं म्हणजे निमंत्रण देऊन घराबाहेर काढण्यासारखं आहे."

बाबा अंगठ्याला हळद लावत होते. ते एकदम घाबरले. देवाधर्माला बाबा फार भ्यायचे. धरणाला नाही भ्यायचे तेवढे. "मंग विसर्जनच नाई कराचं?"

"न करून चालेल कसं? रोज नैवेद्य दाखवावा लागेल."

"रोज? सोळा भाज्या? या धरनावर?"

"कोथिंबीर धरून," काका म्हणाले.

काकू हसली. फस्सकन, पदर तोंडाशी नेत. आईच्या ओठाचा एक कोपराही हलला, मी पाहिला. बाबा म्हणाले, "पुन्हा आना मुखवटे. बाहेर न्या, पुन्हा आत आना, अन् नीट उत्तर द्या."

"बोललेलं परत घेता येत नाई," आई म्हणाली आणि स्वयंपाकघरात गेली.

दुसऱ्या दिवशी सोळा भाज्यांचा नैवेद्य. आई चिरत होती, मी मोजत होते. पंधरा झाल्या. आईनं कोथिंबिरीची जुडी हातात घेतली. इतक्यात काकू आली, काही न बोलता आईच्या परातीत चाकवताची मूठभर पानं ठेवली आणि निघून गेली. आईनं पानांकडे पाहिलं. कोथिंबीर बाजूला ठेवली. चाकवत चिरला.

जेवणं झाल्यावर मी ओट्याच्या आतल्या बाजूला भांडी पुसत होते. बाहेर बाबा आणि काका. सहा वर्षांत पहिल्यांदा हवामान सोडून बोलत होते, आणि बोलत होते ते असं.

"तुह्याकडे जागा हाय, पुंडलिक. घर सोताचं हाय."

"दादा, माझ्या दोन मुलांचे अभ्यास. आणि शकुंतलेचा स्वभाव तुला ठाऊक आहे."

"माह्यं क्वार्टर सरकारी. उद्या सायेबानं विचारलं, ही कोन?"

"तिच्या यजमानांची समजूत घालून पाहू. सणानंतर एकदा दोघं जाऊन येऊ."

"हो. सणानंतर."

"चार समजुतीच्या गोष्टी सांगू."

"हो ना. सांगू."

माझ्याशेजारी आत्या बसली होती. तीही भांडीच पुसत होती. एकच ताट. पुसून झालेलं ताट ती पुन्हा पुन्हा पुसत होती. मला त्या दोघांच्या अंगावर खरकटं पाणी ओतावंसं वाटलं. ओतलं नाही. सोळा वर्षांच्या मुलीनं ओतायचं नसतं, असं मला शिकवलं होतं. चूक शिकवलं होतं.

तिसऱ्या दिवशी सकाळी बाबा आंघोळ करून तयार. "मी गुरुजीले विचारून येतो. हे कायमचीचं प्रकरन मले झोपू देत नाई." गुरुजी चार मैलांवरच्या गावात. बाबांकडे लुना होती. काका म्हणाले, "शास्त्रार्थाची बाब आहे. मीही येतो." दोघं मिळून दोन क्विंटल असतील. लुना एकदा खोकली आणि निघाली. आम्ही चौघी ओट्यावरून बघत होतो. वळणावर काका उतरून ढकलायला लागले.

"लुना बिचारी," आई म्हणाली. कोणाला उद्देशून नाही.

"मले लुनेचंच वाईट वाटते," काकू म्हणाली. तीही कोणाला उद्देशून नाही.

परतायला दोन तास लागले. दोघं गुडघ्यापर्यंत चिखलात. आल्या आल्या दोघं एकदमच बोलायला लागले, कोणी किती चढ ढकलले यावरून. बाबा म्हणत होते तीन, काका म्हणत होते, "दादा, त्यातला एक उतार होता." भांडत होते, पण सहा वर्षांत एवढं बोलले नव्हते. काकांच्या पाठीवर बाबांच्या चिखलाच्या पंजाचा ठसा होता. घट्ट धरून बसले असणार.

"गुरुजी काय म्हनले?" आत्यानं विचारलं. ती कढी ढवळत होती.

दोघं एकमेकांकडे बघायला लागले.

"गुरुजी म्हनले..." बाबा थांबले. "तू सांग, पुंडलिक."

काकांनी घसा साफ केला. "गुरुजी म्हणाले, असा प्रश्नच नाही."

"मनजे?"

"प्रश्न तीन. कोण आली, कशाच्या पावलानं आली, काय घेऊन आली. 'किती दिवसांसाठी' हा प्रश्न कोणत्याच घरी विचारत नाहीत. माहेरी आलेल्या लेकीला असं विचारत नसतात, म्हणाले. मीही स्मरण करून पाहिलं. आई विचारत असे का? आठवेना."

"आठवंन कसं?" आई म्हणाली. "तुमी जन्मभर थाळ्या बडवल्या. आयकलं कवा?"

बाबा कोठ्यांवरच्या महालक्ष्म्यांकडे बघत होते, जणू त्या सांगतील. "मंग विचारलं कोनं?"

विचारलं होतं काकूनं. सगळ्यांसमोर विचारलं होतं. तरी बाबांना विचारावं लागलं. काकू बाबांची धाकटी भावजय. भासऱ्यासमोर, म्हणजे थोरल्या दिरासमोर, ती कधी मान वर करून बोललेली नव्हती. तिनं पदर डोक्यावर घेतला आणि मान वर केली.

"मी."

"काऊन?"

"टोमना मारला होता." काकू बाबांशी बोलत होती, पण वळली आईकडे. "खरं सांगतो, मोठ्या बाई. ट्रंक पाह्यली मी. मनलं, ही आता आपल्या गयात येते. मून विचारलं. देवीच्या तोंडावर विचारलं म्हनजे तुमाले उत्तर देता येनार नाई असं वाटलं. तुमी दिलं."

"मले कयलं होतं टोमना हाय तो," आई म्हणाली.

"कयलं होतं तरी?"

"मून तं दिलं. तू तांदूय काऊन टाकले पन?"

काकूनं आपल्या रिकाम्या मुठीकडे पाहिलं. मग म्हणाली, "मले वाटलं नव्हतं तुमच्यात एवढी हिंमत हाय. हात आपोआप वर गेला." आणि लगेच, "पन चार महिने माह्याकडे, चार महिने तुमच्याकडे असं जमनार नाई. देवीसारखं फिरवाचं नाई तिले. एका ठिकानी राहू द्या."

"इथंच राहीन द्वारका. तू तुह्याकडचे दोन पोते जवारी पाठोजो वर्षाले."

"पाठोतो. अन् चाकवत."

"चाकवत कायले? कोथिंबीर हाय ना."

मी मधे उभी होते, सवयीनं. माझं काम गेलं होतं. मी बाजूला झाले.

बाबा आणि काका दाराशी, चिखलातले. ज्या गोष्टीसाठी ते चार मैल लुना ढकलत गेले, ती गोष्ट देवीची नव्हतीच, हे त्यांना आत्ता कळत होतं. काका चष्मा पुसत होते. चष्म्यावर काही नव्हतं.

आत्यानं कढीखालचा जाळ ओढला. हात पदराला पुसले. ती बाहेर ओट्यावर गेली. मी मागं गेले. ट्रंक सुतळीनं बांधलेली होती, गाठ नवी होती. दुपारच्या गाडीनं निघायचं, म्हणून तिनं सकाळीच बांधून ठेवली होती. कोणाला लागू नये म्हणून. कुठं निघाली होती ते मी आजपर्यंत विचारलेलं नाही. मला भीती वाटते. समोर धरण भरलेलं होतं.

बाबा बाहेर आले. त्यांनी ट्रंक पाहिली, सुतळी पाहिली, धरणाकडे पाहिलं. बाबांचा चेहरा मी तसा कधी पाहिला नव्हता. ते वाकले आणि ट्रंकेच्या दोन्ही कड्या धरून उचलली. अंगठा दुखत होता, तोंड वाकडं झालं.

"लय जड हाय वं," ते म्हणाले. "काय गोटे भरले का?"

आणि आत जायला निघाले. बाबांना वाटलं, झालं. पुरुषांना असंच वाटतं. ट्रंक उचलली की बोलायची गरज नाही. काकांनाही तेच वाटलं. ते लगबगीनं दार धरायला गेले.

आत्या उंबऱ्यात आडवी उभी राहिली.

"खाली ठेव, दादा."

"अवं, आत ठेवतो ना मी..."

"खाली ठेव."

बाबांनी ठेवली.

"वहिनीनं सांगतलं. शकुंतलेनं कबूल केलं. त्या दोघी परक्या घरच्या." आत्याचा आवाज चढला नव्हता. ती कढीत मीठ आहे का विचारावं तशी बोलत होती. तिनं दोन्ही हात चौकटीला लावले होते. "तुमी दोघं माह्ये भाऊ. तवा मी सही केली, मले कोनं काई विचारलं नाई; मी बी काई बोलली नाई. मले वाटलं, भावायले दिलं, कुठं जाते. तीन दिस झाले मी या ओट्यावर आयकून राह्यली. ढग आले, पानी आलं, समजूत घालू, सणानंतर पाहू. पुंड्या, चष्मा घाल अन् इकडं ये. दादाजवळ उभा राह्य."

काका चष्मा घालून बाबांजवळ उभे राहिले. शाळेत उशिरा आलेली दोन पोरं उभी राहतात तसे.

"राह्य म्हना, नाईतं जाय म्हना. जाय म्हनलं तरी मी रडनार नाई. पन तोंडानं म्हना."

"द्वारके, आता हे काय विचारनं झालं..." बाबा म्हणाले. त्यांचे डोळे भरले होते. ते पुन्हा ट्रंकेकडे वाकले.

आत्यानं ट्रंकेवर पाय ठेवला.

"ट्रंक माही मी नेईन. तू बोल, दादा. आधी तू, मंग पुंड्या. बोला."